पाच नंबरचा कॅमेरा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आमच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या एका मुलीबद्दल आई म्हणाली, "त्या पोरीचं तोंडसुद्धा बघवत नाही मला. दुसरं कोणी चांगलं गायलं की हिचं नाक मुरडलेलंच." मी नुसतं हं म्हटलं आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. हे सगळं फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. आई, त्या पोरीने नाक मुरडलं नव्हतं. ते काम माझं. एडिटिंगच्या खोलीत बसून मी ते घडवलं.

तुम्ही तासाभराचा एपिसोड बघता, त्याचं शूटिंग सकाळी सुरू होतं ते कितीदा दुसऱ्या दिवशी पहाटे संपतं. आमच्या सेटवर बारा कॅमेरे आहेत. त्यातला पाच नंबरचा कायम बाजूला बसलेल्या स्पर्धकांवर रोखलेला असतो. गाणं चार मिनिटांचं, पण त्याच्या आधी लाइट बदलतात, माइक बदलतात, परीक्षकांचा मेकअप ठीकठाक होतो, वादकांचं काहीतरी अडतं. तेवढा वेळ ती मुलं खुर्चीवर बसूनच असतात. कोणी जांभई देतं, कोणी मान मोडतं, कोणाचा डोळा लागतो. पाच नंबर सगळं टिपत राहतो. मग लॉगिंगची मुलं रात्रभर जागून प्रत्येक क्षणापुढे नोंद करतात: हसली, चिडल्यासारखी वाटते, डोळ्यांत पाणी. सोबत टाइमकोड, म्हणजे तो क्षण चित्रणात नेमका कुठल्या वेळेला आहे ते. मला हवं ते चटकन सापडावं म्हणून ही सगळी मेहनत.

त्या आठवड्यात कंटेंट टीमकडून निरोप आला, ती मुलगी आणि दुसरी एक स्पर्धक यांच्यात खुन्नस दिसली पाहिजे. प्रत्यक्षात दोघी एका खोलीत राहतात आणि रियाजाला एकमेकींना उठवतात. मी नोंदी चाळल्या. दुपारी साडेतीनला एक लाइट फिरवताना थेट तिच्या डोळ्यांवर आला होता. तिने तोंड वाकडं करून मान वळवली. दीड सेकंद, फार तर. तो दीड सेकंद उचलून मी रात्री दहाला झालेल्या दुसरीच्या गाण्यावर, बरोबर तिच्या सर्वांत सुंदर तानेच्या शेवटी लावला. कपडे तेच, खुर्ची तीच, कोणाला काय कळणार? खाली संगीताचा एक गंभीर ठोका दिला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम, आणि तेवढ्याने तू त्या मुलीवर डूख धरलास. एकटी तूच नव्हेस, लाखो घरांत हेच झालं असणार.

स्पर्धक एकटे कॅमेऱ्याशी बोलतात ना, तेही तसंच. बऱ्याचदा ते दोन-तीन दिवसांनी रेकॉर्ड होतं. कपडे मात्र त्या दिवशीचेच घालायला लावतात, म्हणजे लगेच बोलल्यासारखं दिसतं. त्या मुलीचं मूळ वाक्य असं होतं: "ती जिंकली तर मला वाईट नाही वाटणार. मी चुकले तर मात्र राग येईल, स्वतःचाच." तुम्ही ऐकलंत ते: "ती जिंकली तर मात्र राग येईल." अशा जोडकामाला आमच्या धंद्यात फ्रँकेनबाइट म्हणतात, वेगवेगळ्या तुकड्यांतून उभ्या केलेल्या त्या फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून. जिथे सांधा असतो तिथे बोलणाऱ्याचा चेहरा दाखवत नाहीत. नुसता आवाज चालू राहतो आणि वर कोणीतरी जिना चढताना, आरशात बघताना दिसतं. यापुढे असं काही दिसलं की जरा कान टवकारून ऐक.

याचा अर्थ सगळंच खोटं असतं असा मात्र घेऊ नका. मुलांचं गाणं खरं असतं आणि गायच्या आधी थरथरणारे हातही खरे असतात. बारा तास उभं राहून काम करणारा फ्लोअर मॅनेजर त्यांच्याशी किती मायेने बोलतो, ते तुम्ही पाहायला हवं. गाण्यात नंतर थोडीफार दुरुस्ती होते, सूर सरळ केला जातो. ब्रिटनमधल्या 'एक्स फॅक्टर' या गाण्याच्या स्पर्धेत 2010 साली ऑडिशनच्या गाण्यातच ऑटोट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, वापरल्याचं लोकांनी पकडलं आणि मोठा गहजब झाला. पण मला सुराच्या दुरुस्तीचं एवढं वाटत नाही. माणसाच्या स्वभावात केलेल्या दुरुस्तीचं वाटतं. रडण्याचंही तेच. रडू खरं असतं, पण कॅमेऱ्यामागे बसलेली व्यक्ती वारलेल्या वडिलांबद्दल एकच प्रश्न चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारते आणि पाचव्यांदा मुलगा कोसळतो. त्याआधीचे चार प्रश्न मी कापून टाकते.

बाबा, मतं खरंच मोजतात का, असं तुम्ही विचारलं होतंत. ते खातं माझ्याकडे नाही, पण तुमच्यासारख्या आकड्यांच्या माणसाला आवडेल अशी एक खरी हकीकत सांगते. दक्षिण कोरियात 2019 साली 'प्रोड्यूस एक्स 101' नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांमध्ये 29,978 मतांचा फरक होता. तिसऱ्या आणि चौथ्यामध्येही 29,978. खाली आणखी काही जोड्यांतही नेमका तेवढाच. हे कुठल्या तपास यंत्रणेने नाही हेरलं, घरी बसलेल्या प्रेक्षकांनी वजाबाक्या करून शोधलं. मग पोलीस आले, मतांत फेरफार झाल्याचं सिद्ध झालं आणि निर्माता आन जून-यंग याला 2020 साली दोन वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही कागदावर आकडे मांडत बसता म्हणून आई तुम्हाला हसते, पण असे कागद पुढे करणारी माणसं होती म्हणूनच ते बाहेर आलं.

आकड्यांची लबाडी अशी पकडता तरी येते. चेहऱ्याची कशी पकडणार? वजाबाकी करायला मूळ रक्कमच तुमच्या हातात नसते. आणि स्पर्धकालाही तक्रार करता येत नाही, कारण त्याच्या करारात एडिटिंगचे सगळे हक्क आधीच लिहून घेतलेले असतात. एकोणीस-वीस वर्षांची मुलं ती जाडजूड पानं न वाचता सही करतात. संधी हातची जाईल या धास्तीने वाचणाराही सही करतोच.

मला झोप लागत नाही ती जपानमधल्या एका घटनेमुळे. 'टेरेस हाऊस' या कार्यक्रमात स्पर्धा वगैरे नव्हती, काही तरुण मुलं एका घरात राहायची आणि कॅमेरे त्यांना टिपायचे. त्यात हाना किमुरा नावाची 22 वर्षांची कुस्तीपटू होती. एका भागात धुलाईत बिघडलेल्या कपड्यावरून ती एकावर चिडलेली दिसली. त्यानंतर लोकांनी तिला सोशल मीडियावर इतकं घालूनपाडून लिहिलं की 2020 च्या मे महिन्यात तिने जीव दिला. तिची आई पुढे लढत राहिली आणि 2022 साली तिथे ऑनलाइन अपमानाची शिक्षा कडक झाली. ब्रिटनमध्येही 2021 पासून ऑफकॉम या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संस्थेने नियम केला आहे की कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांच्या मनाची काळजी वाहिनीने घ्यायची. नियम चांगलाच आहे. पण ती कपड्यांची चकमक शूट झाल्यावर कोणीतरी माझ्यासारखं एडिटिंगला बसलं असणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात घरच्यांचा एपिसोड झाला. त्या मुलीची आई सेटवर आली होती. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर पॅसेजमध्ये उभी होते, त्या शेजारी येऊन थांबल्या. मी कोण, काय काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, "घरी ती अशी नाही हो. इथं येऊन काय झालंय तिला? शेजारचे बोलायचे बंद झालेत. मी तिला फोनवर किती रागावले!" म्हणजे आई, माझ्या दीड सेकंदावर तिच्या स्वतःच्या आईनेही विश्वास ठेवला. त्यांचा पदर हातात चुरगळलेला होता. मला तोंडातून शब्द फुटेना. आत बोलावलं, असं काहीतरी पुटपुटून मी पळ काढला. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सीनियरकडे गेले. म्हटलं, मागचापुढचा क्षण जोडून कोणाचा चेहरा मी आता लावणार नाही. ते ओरडले वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाले, "तू नाही लावलंस तर शेजारच्या खोलीतला लावेल." खरंच आहे ते, त्याने लावलंच. मला आता फक्त गाण्यांचा कट दिला आहे. बाबा, पगारात फरक पडलेला नाही, तुम्ही उगाच काळजी करत बसू नका. हे पत्र मात्र घरातच ठेवा. सेटवरची गोष्ट बाहेर सांगायची नाही अशी सही माझ्याकडूनही घेतलेली आहे.

त्या मुलीच्या आईंचा नंबर मी प्रॉडक्शनकडून मिळवला आहे. या रविवारी त्यांना फोन करणार आहे. सांगायचं काय ते ठरलंय, सुरुवात कशी करायची ते अजून ठरत नाही. म्हणून आधी तुला लिहून बघते आहे, आई.

काल रात्री सगळे गेल्यावर मी त्या गाण्याच्या खऱ्या वेळेचा टाइमकोड टाकला. पाच नंबरच्या कॅमेऱ्यात ती मुलगी बोटाने गुडघ्यावर ताल धरून बसली होती. दुसरीची ती अवघड जागा आली, जिथे रियाजात ती नेहमी घसरते, तशी हिने डोळे गच्च मिटले आणि श्वास रोखला. सूर बरोबर लागला. तेव्हा हिने डोळे उघडले, शेजारच्या मुलाच्या खांद्यावर आनंदाने एक जोरात चापट मारली आणि आधी स्वतःच उठून टाळ्या वाजवायला लागली. बावीस सेकंद आहेत ते. लॉगिंगच्या मुलाने समोर नोंद केली आहे, "खूश, उपयोग नाही."

तुमची लेक