आईचं कुळागर आणि तुझी झोप

प्रिय मित्रा,

झोप लागत नाही म्हणणारं तुझं पत्र आलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण हा विषय सध्या माझ्या डोक्यात दिवसरात्र आहे. ऑफिसच्या रिलॅक्स रूममध्ये हेडसेट लावून तुला कुठलातरी परदेशी समुद्र दाखवला, वर ती बाई इंग्लिशमध्ये हळू आवाजात श्वास घ्या म्हणाली, आणि तुला शांत वाटायचं सोडून कधी संपतंय असं झालं. अरे, साहजिक आहे. तू गोव्यातल्या सांग्याचा माणूस, नदी आणि डोंगर बघत वाढलेला, समुद्रावर तू पाव्हणे आले की जाणार. तो पांढऱ्या वाळूचा किनारा तुझा कोण लागतो? पण म्हणून व्हीआरवर, म्हणजे हेडसेटमधल्या या आभासी जगावर, फुली मारू नकोस, आईचं काय झालं ते आधी ऐक.

आईचं डायलिसिस चालू आहे हे तुला माहीतच आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, आणि फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला, हात हलवायचा नाही. समोर भिंत, शेजारी मशीन, मध्येच त्याचा अलार्म वाजतो की आईचा जीव खालीवर. टीव्ही असतो पण त्यावर बातम्या, त्या बघून माणूस आणखी बेजार. तेव्हा मावसभावाने दुबईहून आणलेलं हेडसेट माझ्याकडे आलं आणि मी ठरवलं की आईला तिचंच कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, दाखवायचं, सावईवेऱ्याचं, तिच्या माहेरचं. ती आता तिथे जाऊ शकत नाही, चढ आहे, शिवाय पायाला सूज.

चारी बाजूंचं एकदम टिपणारा ३६० कॅमेरा भाड्याने आणला. मला वाटायचं की कॅमेरा उभा केला की झालं, पण त्यात बरंच असतं बघ. मामाच्या मांगराला, बागेतल्या त्या खोपीला, जो सोपो म्हणजे बसायचा कट्टा आहे ना, जिथे आई लहानपणी बसायची, तिथेच ट्रायपॉड लावला आणि लेन्स बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली. ही उंची फार महत्त्वाची. बघणारा बसलेला आणि कॅमेरा उभ्या माणसाएवढा असला तर आपण अधांतरी तरंगतोय असं वाटतं. कॅमेरा अजिबात हलवला नाही, कारण डोळे म्हणतात आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय, या भांडणातून मळमळ होते, आणि डायलिसिसमध्ये बीपी पडून आधीच मळमळत असेल तर बघायलाच नको. जवळच्या वस्तूही मीटर दीड मीटर लांब ठेवल्या, कारण दोन लेन्सची चित्रं जिथे जोडली जातात तिथे जवळचं पान किंवा खांब मधूनच तुटल्यासारखा दिसतो.

चित्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कॅमेरा ५.७ के म्हणतो, म्हणजे आडवे ५७६० पिक्सेल, पण ते चारी बाजूंना पसरलेले, त्यामुळे एका वेळी डोळ्यासमोर जेमतेम पाव भाग येतो, १४४० च्या आसपास. लांबच्या माड्यांची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, पानं थोडी पुसट दिसतात. म्हणून मी सगळा जोर आवाजावर दिला. दोन कानांच्या जागी दोन माईक लावून पाटाचं पाणी रेकॉर्ड केलं, डावीकडून येतं आणि केळींच्या मुळाशी जिथे मातीचा बांध फोडलाय तिथे बुडबुड असा वेगळाच आवाज होतो, तोसुद्धा आला. मध्येच भारद्वाज ओरडला, मामा लांबून गड्याला हाक मारतोय, ते मी काढून टाकलं नाही.

डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून आईला ते लावलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग मान डावीकडे वळवली आणि म्हणाली, "हो आमचोच पाट मरे!" मग मिरवेल कुठल्या माडीवर चढलीय ते मला सांगत बसली, मला न दिसणारं सुद्धा. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. तिचा आजार यातून बरा होत नाही, पण ते चार तास तिला जड जातात, त्यातली वीस मिनिटं तिची स्वतःची होतात, आणि आता ती निघतानाच विचारते, ते यंत्र घेतलंस ना? वीस मिनिटांपेक्षा जास्त मी ठेवत नाही, अर्ध्या किलोचं वजन आहे ते, नाकावर वळ उठतो. आवाजही बारीक ठेवतो, सिस्टरची हाक आणि मशीन तिला ऐकू यायला हवं.

यामागे अभ्यासही आहे हां. १९८४ मध्ये रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने सायन्स या नियतकालिकात छापलं होतं, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटचे रेकॉर्ड तपासून. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र पेनकिलर कमी लागली. मला तर आईच्या समोरची ती भिंत आठवली. नंतर सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी भाजलेल्या पेशंटसाठी स्नोवर्ल्ड केलं, जखमा धुताना पेशंट हेडसेटमध्ये बर्फाच्या दरीतून जातो आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे मारतो. भाजलेल्या माणसासाठी बर्फ! जागा कुणासाठी निवडतोय याचा विचार तिथेसुद्धा केलेला होता. आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, जुनाट कंबरदुखीसाठी आठ आठवड्यांचा एक व्हीआर कार्यक्रम मंजूर केला, त्यात श्वास शिकवतात, हेडसेटला एक छोटा भाग जोडलेला असतो, तो तुमचा उच्छ्वास माईककडे वळवतो आणि त्याप्रमाणे समोरचं दृश्य बदलतं. म्हणजे हा नुसता खेळ नाही.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलंयस की झोपेसाठी मला कुर्डीचं असं चित्रण करून दे, तुमचा तो बुडालेला गाव, मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं की वर येतो तो. मी खूप विचार केला आणि मला वाटतं झोपेसाठी कुर्डी नको. करायची तर जरूर करू, मे मध्ये सोमेश्वराच्या उत्सवाला लोक जमतात तेव्हा जाऊ, तुझ्या आजोबांच्या घराचा जोता असेल तिथे कॅमेरा ठेवू, तुझ्या पोरांसाठी ते राहायला हवं. पण ती भेगाळलेली माती, ते झाडांचे खुंट, धरणाखाली गेलेला गाव, ते बघून तू शांत होशील की रात्रभर जागशील? आईच्या बाबतीतही मी बाबांची खोली घेणार होतो, मामीने अडवलं, म्हणाली तिथे ती रडेल, आणि तिचं बरोबर होतं. आपली असूनही जिथे काही दुखत नाही अशी जागा शोधावी लागते. तुझ्यासाठी मला वाडे गावातलं घर योग्य वाटतं, पुनर्वसनातलं असलं तरी तू मोठा तिथेच झालास. मागच्या पडवीत संध्याकाळी बसायचास तू, फणसाखाली. तिथेच ठेवतो कॅमेरा.

आणि वापरायचं कसं तेही सांगतो. हेडसेट लावून झोपायचं नाही. ब्राइटनेस कमी कर, खुर्चीत बसून दहा मिनिटं बघ, श्वास सावकाश, मिनिटाला सहाच्या आसपास, मग हेडसेट काढून ठेव आणि अंथरुणात नुसता आवाज इयरफोनवर चालू राहू दे. चक्कर आली तर लगेच काढ, जबरदस्ती करू नकोस. पण नाइट शिफ्ट तशीच राहिली तर फणस काय करणार बाबा, ते मॅनेजरशी बोलच, आणि महिना महिना झोप नाही म्हणतोस तर डॉक्टरकडे जा, हे मी पुढच्या फोनवर पुन्हा विचारणार आहे.

आता पाऊस गेलाय, रविवारी वाड्याला जाऊ शकतो. त्याआधी कळव, पडवीत तू कुठल्या बाजूला तोंड करून बसायचास, किती वाजता, शेजारच्यांचा रेडिओ हवा की नको, वहिनींना विचार त्यांच्यासाठी काही घ्यायचं का. फाइल मोठी असते, इंटरनेटवर पाठवण्यात अर्थ नाही, दिवाळीला तुझा भाऊ पुण्याला येणार आहे त्याच्याकडे पेनड्राइव्ह देतो. हेडसेट मात्र तुला तिथेच बघावं लागेल, माझ्याकडचं आईला लागतं.

तुझा,
फोंड्याचा मित्र