पाणबुड्या सरांना जाहीर आभाराचं पत्र

ती. सर,
सप्रेम नमस्कार.

असे चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. पण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते मालवण, देवबाग, तारकर्लीपासून निवतीपर्यंत डायव्हिंगवर पोट असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. म्हणून घरी येऊन पाया पडण्याऐवजी हे उघड पत्र. चिडलात तरी चालेल.

नौदलाची जुनी नौका 'गुलदार' पर्यटकांना डायव्हिंग करून बघता यावी म्हणून निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवणार, ही बातमी आली तेव्हा गावात दोनच सूर होते. आम्ही बोटवाले खूश. 1985 साली नौदलात आलेली, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी, ऐंशीहून जास्त मीटर लांबीची नौका 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि आता आपल्या दारात येणार, तर धंद्याला काय तोटा! दुसरा सूर मासेमारीवाल्यांचा. "जहाज बुडवल्यावर आमची जाळी अडाकतली, तेचा काय?" हा प्रश्न देवळाच्या सभामंडपात आला तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. तुम्ही मागे खांबाला टेकून बसला होतात. पुढे आलात, खडूने फरशीवरच जहाज काढलंत आणि म्हणालात, जाळ्यांचं नंतर बघू, आधी सांगा, माणसं खाली जाऊन करणार काय?

एवढा साधा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता.

त्या दिवशी तुम्ही बाहेरच्या जहाजांच्या ज्या गोष्टी सांगितल्यात त्या मी गिऱ्हाइकांना आजही सांगतो. असंच मुद्दाम बुडवायला नेलेलं फ्लोरिडातलं 'स्पीगल ग्रोव्ह' जहाज 2002 साली ठरल्या वेळेआधीच बुडालं आणि उलटं होऊन बसलं. मग ते कुशीवर वळवावं लागलं, आणि 2005 मध्ये डेनिस वादळाने ते सरळ उभं केलं. माणसाला जमलं नाही ते वादळाने केलं, यावर सभामंडपात हशा पिकला. पण पुढचं ऐकून सगळे गप्प झाले. 2007 साली त्याच जहाजाच्या पोटात खोलवर शिरलेल्या तीन अनुभवी डायव्हरांना बाहेरची वाट सापडली नाही. परतीची दोरी त्यांनी बांधलेलीच नव्हती. इंग्लंडजवळचं 'सिला' 2004 मध्ये बुडवलं, तेव्हा आत फिरता यावं म्हणून त्याला भोकं पाडली होती. पण वर्षं गेली तसा आत गाळ साचत गेला, आणि तिथेही माणसं दगावली. पायातल्या फिनच्या, म्हणजे पोहायच्या रबरी पंखाच्या, एका फटक्याने गाळ उठला की हातातला टॉर्चसुद्धा दिसत नाही. आमच्या खाड्यांचं पाणी बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि ते टायर! फ्लोरिडातच 1970 च्या दशकात मासे यावेत म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले. त्यांच्या बांधण्या तुटल्या, टायर सुटे झाले आणि लाटांबरोबर शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले. काढायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. कृत्रिम रीफ, म्हणजे मासे-प्रवाळ यावेत म्हणून माणसाने केलेलं खडप, हे समुद्रात काहीतरी टाकून मोकळं होणं नव्हे, हे आमच्या डोक्यात तेव्हा शिरलं. तेल, वायरी, अ‍ॅस्बेस्टॉस, सुटा रंग आधी काढायचा. दारं काढून टाकायची, म्हणजे कुणाच्या पाठीमागे ती बंद होणार नाहीत. पत्रा कापून मोठी भगदाडं पाडायची, आत उजेड येईल आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा राहतील अशी. या कामात हयगय झाली तर वरचे आम्ही कितीही शहाणे असलो तरी उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. सरकारी कामाकडे त्याच नजरेने बघायची सवयही लागली.

पण आभार खरे आहेत ते पाण्यातल्या शिकवणीचे.

इथे येणारा पर्यटक म्हणजे कोल्हापूर-सांगली-पुण्याचं कुटुंब. पोहता येत नाही, दोन दिवसांची सुट्टी, आणि पाण्याखालचा फोटो हवाच. कमरेला शिशाचं वजन गरजेपेक्षा जास्त बांधलेलं, त्यामुळे माणूस पाण्यात खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा, डोकं वर, पाय खाली. त्या पायांतल्या फिन्स खालच्या प्रवाळाला झाडूनच पुढे जातात. त्याला कुणी ओरडून उपयोग नसतो. तो घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही आमच्या गाईडांना आधी कमरेची शिसं कमी करायला लावलंत.

मग ती थाळी. मला ती अजून दिसते. वाळूच्या तळाशी तुम्ही घरातली स्टीलची थाळी ठेवलीत, तिच्यावर चिमूटभर वाळू पसरलीत आणि आमच्या पोरांना तिच्यावर वीतभर उंचीवर आडवं थांबायला सांगितलंत. हात पोटाशी बांधलेले. श्वास घेतला की शरीर किंचित वर, सोडला की किंचित खाली, बस्स. पाय बेडकासारखे बाजूला आणि मागे, खाली कधीच नाही. थाळीवरची वाळू हलली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं पाण्यात काढलेली आमची पोरं आधी वैतागली. मग त्यांच्या लक्षात आलं, की असं थांबलं की टाकीतली हवा जास्त टिकते आणि मासे पळत नाहीत. कपारीतला गोबरा मासा तोंड बाहेर काढून बघत बसतो. जो डायव्हर धडपडतो त्याला फक्त बुडबुडे आणि गढूळ पाणी दिसतं.

तुम्ही गिऱ्हाइकाला "निसर्ग वाचवा" असं कधी सांगितलं नाहीत. "हात लावलास तर लायनफिश टोचेल, गंजका पत्रा कापेल," एवढंच सांगायचात. ते त्याला लगेच कळायचं. हातमोजे द्यायचे बंद केलेत ते त्याचसाठी, हातमोजा घातला की माणूस सगळं पकडत सुटतो. बिस्किटं टाकून मासे गोळा करणंही तुम्ही आमच्या बोटीवर बंद केलंत. त्यावरून मी तुमच्याशी भांडलो होतो, कारण शेजारची बोट बिस्किटं टाकते आणि फोटो तिच्या गिऱ्हाइकाचे चांगले येतात. ते आजही तसंच आहे. काही गिऱ्हाईक गेलं, खोटं कशाला बोलू.

नांगराचंही तसंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच पाण्यात बोटी नांगर टाकत होत्या. नांगर ओढला जातो तेव्हा साखळी तळाशी किती मोठं वर्तुळ साफ करते, ते तुम्ही आम्हाला खाली नेऊन दाखवलंत. बोट बांधायला तळाशी साखळीने जखडलेला कायमचा बोया, म्हणजे तरंगता पिंप, असला की नांगर लागत नाही. बोटी रांगेत येतात आणि एका वेळी किती माणसं खाली जाणार हे आपोआप ठरतं. खाली गर्दी नसली की गिऱ्हाईकही खूश असतं.

जाळ्यांचा प्रश्न तुम्ही विसरला नव्हता. खडपात अडकलेलं एक जुनं जाळं काढायला तुम्ही मासेमारीवाल्यांची पोरं आणि आमची पोरं एकाच बोटीतून नेलीत. कात्रीने थोडं थोडं कापत, खेकडे सोडवत, कापलेला तुकडा लगेच पिशवीत. एका जागी प्रवाळ जाळ्यावरच वाढलं होतं. ओढलं असतं तर तेही तुटलं असतं, म्हणून तेवढा तुकडा तुम्ही तिथेच ठेवायला लावलात आणि सुटी टोकं छाटलीत. ज्यांनी सभामंडपात जाळ्यांचा प्रश्न विचारला होता ते त्यानंतर तुमच्याशी बोलायला लागले. जहाजाजवळ जाळं टाकायचं नाही आणि डायव्हरांनी मासेमारीच्या वेळी खडकांकडे फिरकायचं नाही, ही बोलणी निदान सुरू झाली, हे तुमच्यामुळे. पक्कं काही ठरलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमलेलं नाही. तुमचं म्हणणं, बुडवलेल्या जहाजाच्या आत पर्यटकाने जायचंच नाही. माझं म्हणणं, रणगाडे ठेवायची ती मोठी जागा दोन्ही बाजूंनी मोकळी केली, वरून उजेड येऊ दिला, तर शिकलेल्या डायव्हरला गाईडबरोबर तिथून आरपार जाऊ द्यावं; इंजिनरूम आणि खालच्या खोल्या जाळी मारून बंद ठेवाव्यात. लोक एवढ्या लांब येतात ते जहाज आतून बघायलाच. सगळंच बंद केलं तर कुणीतरी चोरून शिरणार, आणि चोरून शिरणारा दोरी बांधत नाही. यावर तुम्ही "गाळ मोजून बघ, मग बोल," म्हणालात आणि चहा संपवून निघून गेलात.

आणखी एक. जहाज आलं की किल्ल्याजवळच्या खऱ्या प्रवाळावरची गर्दी कमी होईल, असं सगळे म्हणतात. नवशिक्याला थाळीवर थांबायला न शिकवता तिकडे पाठवलं, तर दोन्हीकडे तेच होईल, हे फक्त तुम्ही बोललात. माझ्या बोटीवर आता आधी थाळी, मग कॅमेरा. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

नारळी पौर्णिमा झाली की बोयाची साखळी तपासायची आहे; पावसाने शॅकल, म्हणजे साखळीची जोडकडी, खाल्लेलं असणार. तेव्हा या. आई बांगड्याचं तिखलं करणार आहे, आणि गाळ मोजायला मी काठीवर खुणा करून ठेवल्यात.

आपला,
देवबागचा बोटवाला

ता.क. थाळी परत करायची राहिली आहे. काकूंना सांगा, चेपलेली नाही.