हिरॉइनने घातलं की ग्लॅमर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लेटेक्सच्या कपड्यांवर अर्धं पान आलंय ते दोनदा वाचलं आणि मग राहवेना म्हणून लिहितेय. मी अठरा वर्षं गोरेगावला शूटिंगच्या ड्रेस डिपार्टमेंटमध्ये आहे, ड्रेसदादांच्या हाताखाली शिकले, त्यामुळे कपड्याचं मला थोडंफार कळतं.

आधी फोटोचं बोलते. तुम्ही छापलेली ती काळी पँट लेटेक्सची नाहीचे, शिवण दिसतेय की सरळ! ते पीव्हीसीचं कोटिंग मारलेलं कापड, मार्केटात मीटरवर मिळतं. खरं लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आमचं गाव दोडामार्गकडे, तिथे केरळवाल्यांनी डोंगरच्या डोंगर रबर लावलाय, पहाटे सालीला तिरकी खाच मारतात आणि खाली वाटीत पांढरा चीक ठिबकत राहतो. असल्या चिकाचं पातळ शीट करतात, कपड्याला साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचं चालतं. त्याला सुई लावली की भोकापासून फाटत जातं म्हणून शिवायचंच नाही, सायकलवाला पंक्चर काढतो ना तसं, कडा साफ करा, दोन्हीकडे सोल्युशन लावा, जरा सुकू द्या आणि दाबून चिकटवा. घालताना आतून टाल्कम पावडर नाहीतर अंगात चढतच नाही, आणि चमक हवी तर वरून सिलिकॉन ऑइल. खोबरेल अजिबात नाही, तेलाने रबर मऊ पडून सडतं.

हे सगळं मला कुठून कळलं तेही सांगते. एका जाहिरातीसाठी बाहेरून पांढरा लेटेक्स ड्रेस मागवला होता आणि मी शहाणीने तो पितळेच्या हुकाला टांगून ठेवला, चार दिवसांनी बघते तर खांद्यावर तपकिरी डाग. तांबं-पितळ लागलं की लेटेक्स डागाळतं हे आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला माहीत नव्हतं. शेवटी ज्यांना विचारलं, ज्यांनी न हसता, न कंटाळता सगळं नीट समजावलं, ती माणसं म्हणजे ज्यांना तुमच्या लेखात "विकृत" म्हटलंय तीच, फेटिशवाली, म्हणजे असल्या कपड्यांची ज्यांना लैंगिक ओढ असते ती. कारण हा कपडा वर्षानुवर्षं सांभाळलाय त्यांनी.

तुमच्या लेखात हे सगळं एकदम पॅरिसच्या रॅम्पवर सुरू होतं. अहो, १८२३ साली मॅकिंटॉशने रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं, ते पावसासाठी, आपण मुंबईकरांनी तर त्या माणसाचे आभारच मानायला हवेत. पण ते उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक, मग गंधक घालून तापवायची युक्ती निघाली, गुडइयरचं पेटंट १८४४ चं, तेव्हा कुठे रबर अंगावर घालण्यासारखं झालं. पुढे लंडनला जॉन सटक्लिफने १९५७ मध्ये अ‍ॅटमएज नावाचा कपड्यांचा ब्रँड सुरू केला, बाइकवर मागे बसणाऱ्या बायकांना वाऱ्यापावसात घालायचे कपडे म्हणून, आणि त्यातून चामडं-रबराच्या शौकिनांचं एक जगच उभं राहिलं. १९७४ ला फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि तिचा जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन यांनी लंडनच्या किंग्ज रोडवरच्या आपल्या दुकानाला सरळ "सेक्स" नाव दिलं आणि रबराचे कपडे उघड विकायला ठेवले. २००९ ला गायिका लेडी गागा लाल लेटेक्स घालून इंग्लंडच्या राणीला भेटली, राणीने हात मिळवला, काही आभाळ कोसळलं नाही. २०२० ला पॅरिसच्या सेंट लॉरेंट या फॅशन ब्रँडच्या रॅम्पवर लेटेक्सच लेटेक्स. म्हणजे रॅम्प सगळ्यात शेवटी आला.

पैठणीवर लिहिताना तुम्ही येवल्याच्या विणकरांचं नाव घेता ना? मग इथे ज्यांनी कटिंग, चिकटवणं, सांभाळणं सगळं शोधून काढलं त्यांना एका ओळीत विकृत म्हणून मोकळं कसं होता? हिरॉइनने घातलं की ग्लॅमर आणि डोंबिवलीच्या माणसाने घरात दार लावून घातलं की आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, फेटिशिझम हे निदान ठेवलेलंच नाहीये. कुणावर जबरदस्ती असेल तर गोष्ट वेगळी, ती तर साडीतही होते.

डोंबिवली उगाच नाही म्हटलं. एकदा एकजण फाटलेला लेटेक्सचा लांब हातमोजा चिकटवून घ्यायला आला होता, बँकेत नोकरी, पिशवीत पेपरात गुंडाळून आणलेला, कपाळावर घाम. "मावशी, कुणाला बोलू नका" एवढंच तीनदा म्हणाला. मी पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणून पाच मिनिटांत चिकटवून दिला, पैसे नको म्हटलं तरी ठेवून गेला. तुमचा लेख त्याने वाचला असेल का, हा विचार दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आणखी एक, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असते, रबरी हातमोज्याने किंवा फुग्याने ज्यांना पुरळ येतं त्यांनी हे अंगाला लावूच नये, हे लेखात कुठेच नाही. उलट "या उन्हाळ्यात नक्की ट्राय करा" असा सल्ला आहे. त्यातून हवा जराही जात नाही हो, एसीतल्या सेटवर आमच्या मॉडेलच्या घोट्यातून घाम अक्षरशः गळत होता. लेखिकाबाईंनी मे महिन्यात दुपारी एकदा दादरचा पूल त्या ड्रेसमध्ये ओलांडून दाखवावा, टाल्कम पावडर माझ्याकडून.

आपली,
एक वाचक, लालबाग