लोकलमधल्या काकूंना, ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’साठी थँक्यू

काकू, नमस्कार.

तुमचं नाव कधी विचारलंच नाही आणि नंबर घ्यायचा राहून गेला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. ठाण्याहून सकाळी वाशीला जाणारी लोकल, मधला लेडीज डबा, कोर्टात भाषांतराचं काम करून रिटायर झालेल्या, लेकीकडे नातवाला सांभाळायला जाणाऱ्या काकू. एवढ्यावरून कोणी ओळखलं तर प्लीज त्यांना वाचून दाखवा.

त्या दिवशी ऐरोली येईपर्यंत मी नुसती रडत होते. झालं होतं असं की आमच्या कंपनीत महापेला एका सप्लायरचा माल आला, खोकी फुटलेली, आम्ही घेतला नाही, टेम्पो तसाच परत पाठवला. मेल लिहायचं काम माझं. डोक्यात वाक्य होतं ‘आम्ही डिलिव्हरी नाकारली’, म्हणून लिहिलं ‘वी डिनाइड द डिलिव्हरी’. सप्लायर भडकला, त्याला वाटलं की टेम्पो आलाच नाही असं आम्ही म्हणतोय, त्याने गेटवरच्या एन्ट्रीचा फोटो पाठवला आणि साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, तुला इंग्लिश येतं की नाही?

तुम्ही माझ्या मोबाईलवर तो मेल दोनदा वाचलात आणि म्हणालात, ‘अगं, आपण आरोपही नाकारतो आणि चहाही नाकारतो. इंग्लिशमध्ये त्या दोन गोष्टी आहेत.’ आरोप डिनाय करायचा, म्हणजे हे खरं नाही असं सांगायचं. चहा रिफ्यूज करायचा, म्हणजे मला नको. परवानगी डिनाय करतात तेही बरोबरच, पण तिथे समोरच्याला काहीतरी मिळू दिलेलं नसतं. काकू, दहावीपासून डिक्शनरी बघतेय, दोन्हीपुढे ‘नाकारणे’ एवढंच असायचं, चहाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग रोजचंच झालं ते. तुम्ही सांगायचात की मराठीत एकच शब्द आहे आणि इंग्लिशमध्ये दोन, अशा जागा शोध, तुझ्या चुका तिथेच असणार. आणि खरंच तिथेच होत्या! सावली घ्या. झाडाखाली बसतो ती शेड, आणि रुळांच्या बाजूने आपल्या गाडीची पळत होती ती शॅडो. प्लॅटफॉर्मवरची पत्र्याची शेड तिसरीच, मराठीत लिहिताना सारखी दिसते एवढंच. शेड आणि शॅडो हे जुन्या इंग्लिशमधल्या एकाच शब्दाची दोन रूपं, पुढे अर्थ वाटून घेतले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला भावंडं वेगळी निघाल्यासारखं वाटलं.

ऐतिहासिकचंही तसंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर, तो प्रवास हिस्टॉरिक, कारण त्याने पुढचं सगळं बदललं. त्या काळातला साधा हिशोबाचा कागद सापडला तर तो हिस्टॉरिकल, जुन्या काळाचा आहे म्हणून, महत्त्वाचा असो नसो. ठाणे स्टेशनवर उभं राहून हे ऐकलं, आता विसरणं शक्य नाही.

पण तुमची खरी कमाल कोर्टाच्या शब्दांत. मी म्हटलं, मैत्रिणीची पर्स रॉब झाली. तुम्ही लगेच, ‘पर्स स्टोलन, मैत्रीण रॉब्ड.’ वस्तू स्टील होते, माणूस नाहीतर बँक रॉब होते. आणि मुळात रॉब तरी झाली का? नकळत उचलली तर थेफ्ट, मारहाण केली किंवा धाक दाखवला तर रॉबरी, पाच किंवा जास्त जण मिळून असतील तर डकॉइटी. चोरी, जबरी चोरी, दरोडा. म्हणजे इथे आपल्या मराठीतही शब्द वेगवेगळे आहेतच की, पेपरात रोज वाचत होते आणि फरक कधी बघितला नव्हता. एक शब्द चुकला तर माणसावरचं कलम बदलतं, हे तुम्ही किती हळू आवाजात सांगितलं होतं, मला अजून ऐकू येतं.

बॉरो आणि लेंड तर तुम्ही कोपरखैरणे यायच्या आत संपवलंत, उसने घेणं आणि उसने देणं, बस.

गेल्या महिन्यात पुन्हा फुटलेला माल आला. या वेळी लिहिलं, ‘वी रिफ्यूज्ड द डिलिव्हरी बिकॉज द बॉक्सेस वेअर डॅमेज्ड.’ दुसऱ्या दिवशी सप्लायरने गुपचूप बदलून दिला. साहेब काही बोलले नाहीत, पण आता बाकीच्यांचे मेल जायच्या आधी माझ्याकडे येतात. हे तुम्हाला सांगायला मी तीन आठवडे तो डबा शोधला, तुम्ही दिसला नाहीत. नातू शाळेत जायला लागला असेल का?

काकू, मनापासून थँक्यू. तुमचे रोजचे वीस मिनिटं मी घेतले आणि तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

मी अजून त्याच गाडीला, त्याच डब्यात, दाराजवळच्या सीटवर असते. वहीत चार जोड्या अडकल्यात. पहिली सेफ्टी आणि सिक्युरिटी, आपल्याकडे दोन्हींना सुरक्षाच म्हणतात ना.