बापाला नाही, मग पोराला कुठून?

महोदय,

रंगांधत्व पुष्कळदा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतच उघड होते. तोवर चित्रकलेच्या तासाला 'खोड हिरवं का रंगवलंस?' अशी बोलणी खाऊन झालेली असतात. माझ्या भाच्याचे तेच झाले. कळमना मार्केटमध्ये संत्र्यांच्या ढिगापुढे तो रंगाच्या भानगडीत पडतच नाही. फळ दाबून, साल किती सैल झाली ते चाचपतो आणि पिकलेलेच उचलतो.

'बापाला नाही, मग याला कुठून?' हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. लाल-हिरव्याची गल्लत घडवणारा जनुकदोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. माझ्या वडिलांचा दोष बहिणीमार्फत भाच्याकडे गेला. मी सुटलो, कारण बापाचा एक्स मुलाला मिळतच नाही. बहिणीला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, तरी टोमणे तिलाच!

सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांना 2020 पासून वाहन परवाना मिळू शकतो, हे ठीक. पण शाळेतच इशिहाराच्या ठिपक्यांच्या चित्रांवर तपासणी का नको? काही मिनिटांचे काम आहे. आणि भूगोलाच्या नकाशांत रंगांबरोबर रेघा-ठिपक्यांच्या खुणाही छापाव्यात.

– एक मामा, नागपूर