बीटी कपाशी आणि फरदडीचा मोह

महोदय,

मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे, बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच कमी झाल्या. गुलाबी बोंडअळी मात्र काही वर्षांत दोन्ही जनुकांना दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची वेचणीला आलेली बोंडे किडकी निघाली. हा दोष एकट्या तंत्रज्ञानाचा नव्हे. पाकिटासोबतचे बिगरबीटी बियाणे कडेने पेरले असते, तर त्यावर वाढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पतंगांशी संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती वाढण्याचा वेग मंदावला असता. ती लहान पुडी बहुतेकांनी फेकून दिली, आणि तिचे महत्त्व बांधावर जाऊन कोणी फारसे समजावलेही नाही. त्यातच ओलिताखाली मार्चपर्यंत फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली जुनी कपाशी, उभी राहिल्याने अळीला सलग खाद्य मिळाले.

आता तणनाशक सहन करणारे विनापरवाना बियाणे पावतीशिवाय विकले जाते, ते उगवले नाही तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? कृषी विभागाने खरिपापूर्वीच ही विक्री रोखावी आणि डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) ओळखून तोडणे, नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावणे व डिसेंबरअखेर शेत रिकामे करणे यांची प्रात्यक्षिके गावोगावी घ्यावीत.

– एक कापूस उत्पादक, यवतमाळ