२०११ चं मेमरी कार्ड

प्रिय मन्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. परवा कपाट आवरताना माझा जुना नोकिया सापडला, बॅटरी फुगलेली, चालू व्हायचा प्रश्नच नाही, पण आत ते ४ जीबीचं मेमरी कार्ड तसंच्या तसं. अ‍ॅडॅप्टर शोधून लॅपटॉपला लावलं तर चक्क उघडलं की रे! सगळं २०११ चं.

आणि खरं सांगू का, जरा लाजच वाटली. इतकी वर्षं मी जो भेटेल त्याला ऐकवत आलोय की २०११ म्हणजे भीमसेनजी गेले, खळेकाका गेले, जगजीत सिंग गेले ते वर्ष, आणि आपण कसे सुन्न झालो होतो वगैरे. आणि कार्डात काय? कोलावरी तीनदा! त्यातलं एक तर अर्धवट डाउनलोड झालेलं, तेही जपून ठेवलंय. रॉकस्टार अख्खा. बाकी नुसतं 'ट्रॅक ०७', 'ट्रॅक ०७ कॉपी' असलं काहीतरी. खळे शून्य, जगजीत शून्य.

रॉकस्टारवरून आपली केवढी भांडणं झालेली आठवतायत? मी म्हणायचो रहमानने नुसता गोंगाट केलाय, आणि आठच दिवसांत मीच मोहित चौहानच्या आवाजात जोरजोरात गात फिरायला लागलो, ते पण प्रेमभंग वगैरे काही झालेलं नसताना. तू मात्र खरोखर त्यातून जात होतास आणि गप्प होतास. ऑक्टोबरमध्ये जगजीत गेले तेव्हाही तू गप्पच. २३ सप्टेंबरला मुंबईत गुलाम अलींबरोबर त्यांचा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी ब्रेन हॅमरेज झालं, मग १० ऑक्टोबरला बातमी आली, आणि मी तुला "चला, आता तुझ्या गझला बंद" असं काहीतरी म्हणालो होतो. माफी मागायला उशीर झालाय, पण मागतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भूपेनदा हजारिका गेले, आणि सारंगीवाले सुलतान खानसाहेब गेले तेव्हा तर कोलावरी येऊन दहा-अकरा दिवस झालेले, त्या धिंगाण्यात मला पत्ताही लागला नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. २४ जानेवारी, सोमवार सकाळ. तू जर्नल उतरवायला आमच्याकडे आलेला. टीव्हीवर बातमी आली आणि बाबा डबा भरून तयार असलेले, ऑफिसला गेलेच नाहीत. भीमसेनजींचा ८९ वा वाढदिवस ११ दिवसांवर आला होता. आई डोळे पुसत होती तर बाबा म्हणाले, "रडतेस काय, माणसाचं सगळं गाऊन झालंय." आणि मग स्वतःच ड्रॉवर उचकून 'राम श्याम गुणगान'ची कॅसेट काढली, लताबाई आणि भीमसेनजींची. ती टेपमध्ये घातली आणि आपण दोघं कव्हर हातात घेऊन फोटो बघत बसलो. मी मोठ्या हुशारीने माझा मोबाईल स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

मग मे महिन्यात 'बालगंधर्व' सिनेमाला आईने आपल्याला जवळजवळ ओढत नेलं. आनंद भाटेंचा आवाज लागला आणि तू कोपर मारलंस, "हा भीमसेनजींचा शिष्य आहे, माहितीये का?" मला नव्हतं माहीत. तुला बरं असलं सगळं माहीत असायचं. त्याच गाण्यांसाठी त्यांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मी जणू आपणच शोध लावला अशा थाटात सगळ्यांना सांगत होतो.

आणि मग सप्टेंबर. गणपतीचा दुसरा दिवस, २ तारीख, बाहेर मांडवात स्पीकर बोंबलतोय आणि टीव्हीवर खालून पट्टी सरकतेय, श्रीनिवास खळे यांचं निधन, आणि मागोमाग गाण्यांची नावं, शुक्रतारा, श्रावणात घन निळा, भेटीलागी जीवा... मी म्हणालो, "ही सगळी हृदयनाथांची ना?" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. काही न बोलता उठले, तीच कॅसेट आणली, कव्हर उघडून माझ्यासमोर धरलं. गायकांची नावं ही मोठी, आणि संगीतकाराचं नाव बारीक अक्षरात, श्रीनिवास खळे. जानेवारीत अर्धा तास ते कव्हर माझ्या हातात होतं! लहानपणापासून कानावर पडलेली एवढी गाणी एकाच माणसाची आहेत हे मला तो गेल्यावर पट्टीवरून कळलं. बरं, त्यांची चाल ऐकायला इतकी सोपी वाटते की कोणी बसवली असेल असं मनातच येत नाही, गुणगुणायला गेलं की दुसऱ्या ओळीत दम निघतो तेव्हा कळतं.

डिसेंबरला पुण्यात रमणबागेत भीमसेनजींशिवायचं पहिलं 'सवाई', म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव, तेव्हा मी बाजूला बसलेल्या आजोबांना खळेकाकांवर लेक्चर दिलं होतं. ते बिचारे ऐकून घेत होते. कॉलेजात तर मी हे खूपदा सांगितलंय, की आम्हाला कोणी सांगितलंच नाही, सगळं गायकांचंच कौतुक वगैरे.

तर आता ऐक. कार्डात 'रेकॉर्डिंग ००४' म्हणून एक फाइल आहे, काल रात्री लावली. आवाज विहिरीतून आल्यासारखा, मधे कुकरच्या दोन शिट्ट्या, आणि भीमसेनजी तान घेतात तिथे नेमकं आपल्यापैकी कोणीतरी शिंकतं. साइड संपते, खट्, बाबा म्हणतात "उलटी कर." आणि मग तुझा आवाज, "काका, ह्या चाली कोणाच्या?" बाबा म्हणतात, "खळ्यांच्या. श्रीनिवास खळे. तेही आता थकलेत." आणि लगेच माझा आवाज, "अरे मन्या, हळू बोल ना, रेकॉर्डिंग चालू आहे!"

बाबांना ऐकवलं. दोनदा लावायला लावलं, दुसऱ्यांदा फक्त हसत होते. फाइल पाठवतोय, हेडफोन लावून ऐक, आणि ती शिंक कोणाची ते कळव. मी म्हणतो तुझी.

तुझा,
पक्या